प्रकरण: दिवाळीची खेळणी आणि न आलेला इंडेंट

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक मुलगी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. मुलगी म्हणायचं ते माझ्या वयाच्या हिशोबाने. ती चौतीस वर्षांची आहे. थोरला सात वर्षांचा, दुसरीत. धाकटी अडीच वर्षांची. मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झालो आणि आता अधूनमधून नव्या ट्रेनी पोरांना खरेदी-स्टोअरचं काम शिकवायला जातो. त्यांना जी प्रकरणं देतो त्यात बेअरिंग असतात, कास्टिंग असतात, पुठ्ठ्याचे खोके असतात. खेळण्यांचं प्रकरण हे एवढं एकच. तिला विचारून लिहितो आहे, नावं गाळून. इंडेंट म्हणजे मालाची लेखी मागणी, तो शब्द पुढे येईल.

पोरांना ते आवडतं, कारण यातली खरेदी करणारी बाई कच्ची नाही. कास्टिंगची जाडी दोन दशांश मिलीमीटरने कमी भरली म्हणून ट्रकभर माल गेटवरून परत पाठवलेली बाई आहे ही. तीन कोटेशन आल्याशिवाय साधा झाडू घेत नाही. आणि हिनेच २०२५ च्या दिवाळीला स्वतःच्या घरात अशी खरेदी केली, की ती तिच्या हाताखालच्या कुणी केली असती तर त्याला तिने मेमो दिला असता.

आधी परिस्थिती सांगतो, कारण तीच बरंचसं बोलते. त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ला. ज्या दिवसांत घरात हात कमी पडतात, नेमके तेच दिवस नवऱ्याच्या हंगामाचे. तो द्राक्षाच्या औषधांच्या विक्रीत आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव हा त्याचा पट्टा. ऑक्टोबर छाटणी झाली, कोवळी फूट निघाली आणि वरून पाऊस रेंगाळला, की रात्री साडेदहालाही फोन: “साहेब, पानावर डाऊनी दिसतोय, काय मारू?” माणूस वाईट नाही, पण त्या महिन्यात तो घरात फक्त झोपायला असतो. सासूबाई धाकटीला सांभाळतात, पण गुडघ्यामुळे जिना उतरत नाहीत. हिच्याकडे कारखान्याची स्टॉक मोजणी, पुरवठादारांची बिलं आणि बोनसच्या गडबडीत निम्मं ऑफिस रजेवर. साप्ताहिक सुट्टी शनिवारी. त्या दिवशी थोरल्याची शाळा अर्धा दिवस, म्हणजे एकटीने बाजार करायला हातात तीन तास.

खेळण्यांसाठी तिने ६,००० रुपये बाजूला काढले होते. आपली दोन मुलं आणि भाऊबीजेला येणारी नणंदेची दोन.

आता खरेदी. २५ सप्टेंबर, गुरुवार, रात्री ११ वाजून ४० मिनिटं. ही वेळ तिच्या फोनमधल्या ऑर्डरवर आहे, मी पाहिली. धाकटी झोपलेली, डबे धुऊन झालेले, ऑनलाइन सेल चालू, पडद्यावर मिनिटं उलटी मोजणारं घड्याळ. रिमोटची मोठी गाडी १,८९९ रुपये, ठोकळ्यांचा संच ७४९. सगळं मिळून चार मिनिटं. ऑफिसात ती संध्याकाळी पाचनंतर एकही पी.ओ. (खरेदीची ऑर्डर) सही करत नाही. दमलेला माणूस आकडा वाचतो, ओळ वाचत नाही, हे तिचंच वाक्य.

माल सोमवारी २९ तारखेला आला, वॉचमनकडे. तिने तो रात्री वर आणला आणि न उघडता माळ्यावर टाकला. पाडव्याला द्यायचा होता, मुलांना दिसायला नको म्हणून. सामान परत करण्याची मुदत सात दिवस. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

४ ऑक्टोबरचा शनिवार मेन रोडला गेला. दसरा-दिवाळीच्या मधल्या शनिवारी मेन रोडला स्कूटी लावायला जागा शोधणं म्हणजे काय, ते नाशिककराला सांगायला नको. शालिमारच्या पलीकडे गाडी लावून ती चालत आली, तीन तासांतली पस्तीस मिनिटं तिथेच संपली. एका दुकानात धाकटीसाठी तीनचाकी सायकल पाहिली, छापील किंमत ९९९. आणि तिच्यातली खरेदी अधिकारी जागी झाली, पण चुकीच्या जागी. २२ सप्टेंबरपासून खेळण्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला होता (इलेक्ट्रॉनिक खेळणी सोडून). तिने तोंडी हिशोब मांडला: ९९९ मधून १२ टक्के काढले की ८९२, त्यावर ५ टक्के चढवले की ९३७, म्हणजे ६२ रुपये कमी झाले पाहिजेत. दुकानदार म्हणाला, ताई, हा जुना माल आहे. ती म्हणाली, माल जुना असला तरी दर नवा. मागे रांग, उकाडा. शेवटी ९४० वर तुटलं. हिशोब चोख होता, त्यात शंका नाही. पण त्या दहा मिनिटांत घड्याळ पुढे गेलं आणि उरलेली खरेदी पळत झाली: एक बाहुली ४५०, नणंदेच्या मुलांसाठी दोन बैठे खेळ मिळून ७०० चे, डब्यावर काय लिहिलंय ते न वाचता. शाळा सुटायच्या आधी बारा मिनिटं ती गेटवर होती, घामाने निथळत.

एकूण गेले ४,७३८. उरले १,२६२. आणि मनात, तिच्याच शब्दांत, “काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं.”

मी ट्रेनी पोरांना इथे थांबवतो आणि विचारतो: चूक कुठे झाली? बहुतेक जण म्हणतात, रात्रीची ऑर्डर. काही म्हणतात, ६२ रुपयांसाठी वेळ घालवला. एखादी मुलगी म्हणते, नवऱ्याने मदत करायला हवी होती, आणि सगळे हसतात. मी हसत नाही, कारण ते खरंच आहे. पण त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता, छाटणी काही थांबत नाही.

मी या प्रकरणात कसा आलो ते असं. ११ ऑक्टोबरला, शनिवारी सकाळी, ती चहा घेऊन वर आली. “काका, तुमच्याकडे दहा-अकराचा पाना आहे का? सायकल जोडायची आहे.” पाना होता. सायकल जोडता जोडता बोलणं निघालं आणि मी म्हटलं, “घरात आधीचा स्टॉक किती आहे?”

ती बघतच राहिली.

“अगं, ऑफिसात इंडेंट आला की आधी काय बघतेस?”

“स्टॉक.”

“मग?”

सासूबाईंचा पलंग, सोफ्याची पोकळी, गॅलरीतली पेटी आणि माळा असा सगळा माल आम्ही हॉलमध्ये सतरंजीवर काढला. सव्वा तास लागला. मोजले तेव्हा बारीकसारीक धरून त्रेसष्ट नग. त्यातले चालू, म्हणजे कुणीतरी गेल्या महिन्याभरात हातात घेतलेले, अठरा. चाकं नसलेल्या नऊ गाड्या. एकच जिगसॉ दोनदा, दोन वेगवेगळ्या मावश्यांकडून, दोन्ही अर्धवट. एक बोलणारी बाहुली, जिची बॅटरी सासूबाईंनी काढून ठेवली होती कारण ती रात्री दोनला आपोआप गायची. आमच्या भाषेत याला नॉन-मूव्हिंग म्हणतात. कारखान्यात नॉन-मूव्हिंग माल एवढ्या टक्क्यांवर गेला तर ऑडिटर खुर्ची ओढून बसतो.

ती सतरंजीच्या कडेला बसून म्हणाली, “काका, ऑफिसात माझ्यामागे ऑडिट असतं. घरी कोण ऑडिट करतं?” मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, जरा रागानेच, “आणि हे सगळं मोजायला मला वेळ असता, तर यातलं निम्मं मी घेतलंच नसतं.” माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत खरं वाक्य हे. नोकरी करणाऱ्या आया अपराधी वाटतं म्हणून मुलांना वस्तू घेतात, असं लोक फार सहज म्हणतात. असेलही. पण हिच्याबाबतीत मला दिसलं ते वेगळं: वस्तू घ्यायला चार मिनिटं लागतात आणि वस्तू हवी की नको ते ठरवायला चार दिवस. तिच्याकडे चार मिनिटंच होती.

मग माळ्यावरचा खोका उघडला. बारा दिवसांनी.

इनवर्ड करताना, म्हणजे आलेला माल तपासून आत घेताना, मी आधी खोक्यावरची छपाई बघतो, वस्तू नंतर. गाडीच्या खोक्यावर चकचकीत रंग, इंग्रजीत ‘नॉन-टॉक्सिक’, ‘सेफ फॉर किड्स’, वय ‘३+’. आयएसआयचं चिन्ह कुठेच नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर हे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे सक्तीचं आहे, आणि देशी माल असो की आयात, दोन्हीला तोच नियम. चिन्हाच्या वर आयएस क्रमांक असतो: साध्या खेळण्यांना ९८७३, विजेवर चालणाऱ्यांना १५६४४. खाली सीएम/एल लिहून परवान्याचा नंबर. तो नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव-पत्ता येतो. पुरवठादाराचं टेस्ट सर्टिफिकेट खरं की खोटं हे आम्ही जसं तपासतो, तसंच हे, आणि अर्ध्या मिनिटात होतं. इथे टाकायला नंबरच नव्हता.

दुसरी गोष्ट रिमोटमध्ये. त्याला बटणासारखा चपटा सेल. झाकणाला स्क्रू हवा, इथे नुसती खिट्टी. मी अंगठ्याने दाबली, झाकण उघडलं, सेल माझ्या तळहातावर पडला. धाकटी तिथेच उभी होती आणि तिने हात पुढे केला. तिला चमकणाऱ्या गोल वस्तू आवडतात.

तिच्या आईने सेल उचलून मुठीत धरला. हा चपटा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतून भाजायला लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही, मूल कधी नुसतं लाळ गाळतं. शंका जरी आली तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता सरळ रुग्णालय गाठायचं. हे तिला माहीत होतं. गाडी घेताना रात्री ११.४० ला ते आठवलं नव्हतं, एवढंच.

ठोकळ्यांची मापं घ्यायला मी घरून व्हर्निअर आणला. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांची चाचणी एका छोट्या नळकांड्याने घेतात. त्याचा व्यास ३१.७ मिलीमीटर. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. संचातल्या छोट्या चाकाचा व्यास भरला २१, माणसाच्या टोपीचा १४. थोरल्यासाठी ठीक, चिन्हही होतं त्यावर. पण एका घरात दोन वयं असली की माल लहान वयाच्या मापाने घ्यावा लागतो, किंवा कुलपात ठेवावा लागतो. ठोकळे कपाटाच्या वरच्या खणात गेले. तिथून काढायचे ते धाकटी दुपारी झोपली की, आणि परत मोजून ठेवायचे. कटकट आहे, पण थोरल्याला ती मोजणी आवडते असं नंतर कळलं.

गाडी परत करायची मुदत पाच दिवसांपूर्वी संपली होती. विक्रेत्याला लिहिलं, त्याने ‘सणाची भेट’ म्हणून ॲपमधल्या खात्यात पाचशे जमा करतो म्हटलं. हिने नकार दिला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. खोक्याचे सहा बाजूंचे फोटो, रिमोटच्या झाकणाचा व्हिडिओ, बिल. अशी नीटनेटकी तक्रार त्या हेल्पलाइनला रोज येत नसावी. हे लिहीपर्यंत निकाल आलेला नाही. गाडीवर मी लाल चिठ्ठी लावली, रिजेक्ट.

इथपर्यंत सगळं इनवर्डचं. पण माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे, आणि तो ट्रेनी पोरांना सर्वांत उशिरा सापडतो: या खरेदीला इंडेंटच नव्हता.

इंडेंट म्हणजे कुणीतरी लिहून मागतो, अमुक वस्तू, अमुक कामासाठी. ‘कामासाठी’ हा रकाना लोक रिकामा सोडतात. माझ्या स्टोअरला एका शॉपमधून दर आठवड्याला दहा मिलीमीटरची ड्रिल बिटं मागायचे. आम्ही पुरवत राहिलो. सहा महिन्यांनी एकदा खाली जाऊन पाहिलं, तर कूलंटचा पाइप वाकलेला, पाणी भलतीकडे पडत होतं, बिटं कोरडी जळत होती. पाइप सरळ केला, मागणी थांबली. वस्तू मागणाऱ्याने चुकीची मागितली नव्हती. आम्ही रिकाम्या रकान्याबद्दल विचारलं नव्हतं.

थोरल्याने रिमोटची गाडी मागितली होती, हे खरं. बी विंगमधल्या एका मुलाकडे ती आहे. मी तिला म्हटलं, तो रकाना भरून आण. तिने रविवारी त्याला डोक्याला तेल लावताना विचारलं, “गाडी आली तर तू काय करशील रे?”

“खाली घेऊन जाईन.”

“मग?”

“मग सगळे येतील.”

एवढंच. तिने मला दारात उभं राहून हे सांगितलं तेव्हा तिच्या हाताला तेल तसंच होतं.

धाकटीला विचारून उपयोग नाही, तिचा इंडेंट बघून घ्यावा लागतो. सासूबाईंना आम्ही कामाला लावलं: एक दिवस ती काय काय करते ते नुसतं सांगा. सासूबाईंचा अहवाल एका वाक्याचा होता: “झाकणं लावते गं दिवसभर.” मी जाऊन पाहिलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर पोळ्यांचा डबा, पिठाचा छोटा डबा आणि मिसळणाच्या डब्यातली एक वाटी. मोठं झाकण लहान डब्यावर ठेवायची, ते घसरायचं, ती ओरडायची, पुन्हा ठेवायची. मग लहान झाकण मोठ्या डब्यात टाकून आत हरवलं की खुश. पस्तीस मिनिटं. साडेचारशेची बाहुली शेजारी पालथी पडली होती. धाकटीसाठी मागणी: झाकणं. खरेदी: शून्य. माळ्यावरचे तीन जुने स्टीलचे डबे घासून खाली आले.

थोरल्याच्या ‘सगळे येतील’चं उत्तर पार्किंगच्या कोपऱ्यात आधीच तयार होत होतं. सोसायटीची पोरं किल्ला करत होती. शेजारच्या बांधकामावरची माती, फुटक्या विटा, पोत्याचे तुकडे. हा तिथे नुसता उभा राहायचा, कारण ज्याच्याकडे काही सामान असतं त्याला किल्ल्यावर जागा मिळते. पोरांचा कायदा कडक असतो.

१४ ऑक्टोबरला, मंगळवारी, ऑफिस सुटल्यावर ती थोरल्याला घेऊन त्रिमूर्ती चौकात गेली. मेन रोड नाही, शनिवार नाही, आणि गुपितही नाही. रस्त्याच्या कडेला मावळ्यांचे ढीग. मीही सोबत होतो, पणत्या घ्यायच्या होत्या. पोरगं उकिडवं बसलं आणि एकेक मावळा उचलून दिव्याकडे धरायला लागलं. एकाची तलवार मोडकी, बाजूला. एकाच्या डोळ्याचा रंग गालावर ओघळलेला, बाजूला. विकणाऱ्या बाई वैतागल्या: “घ्या ना दादा, सगळे सारखेच आहेत.”

“सारखे नाहीत,” तो म्हणाला. “याला डोळाच नाही.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती, गेटवर ट्रक उभा असताना राहते तशी. घाई केली नाही तिने. त्याला बारा मावळे निवडायला पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येकी चाळीस सांगितले, तीसला दिले, ३६० झाले. सिंहासनावरचे महाराज २५०. पुढे किराणा दुकानात अळीव २० रुपयांचं, जाड खडूंची पेटी १२० आणि एक चेंडू ६०. खडूंवरचा जीएसटी आता शून्य झालाय हे तिला माहीत होतं. या वेळी ती दुकानदाराला काही बोलली नाही. ८१० रुपये. उरलेल्या ४५२ चं काय केलं, ते मी विचारलं नाही.

ट्रेनी पोरं विचारतात, मग आधीचे ४,७३८ वाया गेले का? सगळे नाही. सायकल उत्तम निघाली. नणंदेच्या मुलांना दिलेल्या दोन खेळांतला एक त्यांच्याकडे आधीच होता, तो बदलून घेतला. बाहुली नॉन-मूव्हिंगच्या यादीत जाणार असं दिसतंय. गाडी अजून लाल चिठ्ठीसकट माळ्यावर आहे.

आणि एक माझी चूक, तीही नोंदवतो. मी तिला म्हटलं होतं की पुढच्या वर्षी स्टॉक मोजणी सप्टेंबरमध्येच करू. ती म्हणाली, “काका, सप्टेंबरमध्ये माझी ऑफिसची मोजणी असते.” ज्या वेळेचा तुटवडा हेच मूळ कारण, त्यातूनच मी आणखी सव्वा तास मागत होतो. शेवटी ठरलं ते असं की मोजणी सासूबाई आणि थोरला करतील, मे महिन्यात. बघू.

अळीव गुरुवारी, १६ तारखेला पेरलं. लक्ष्मीपूजनापर्यंत किल्ल्याच्या उतारावर हिरवळ दिसायला लागली. पाडव्याला सकाळी मी खाली गेलो तेव्हा थोरला बुरुजावर बारावा मावळा बसवत होता, बी विंगचा तो रिमोटवाला मुलगा त्याला पाणी आणून देत होता. आई शेजारच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसली होती, फोन वरच ठेवून आलेली. धाकटी पोळ्यांच्या डब्याचं झाकण दोन्ही हातांत धरून किल्ल्याकडे निघाली. कुणाचं लक्ष नव्हतं. तिने ते अलगद महाराजांवर ठेवलं, दाबून बघितलं, बसलं. मग टाळ्या वाजवल्या.

“आई गं!” थोरला ओरडला. “हिने राजधानी बंद केली!”